चाहते चिडले, पण एकूण किती?



"चाहते संतापले." मनोरंजनाच्या बातम्यांत हे दोन शब्द इतक्या वेळा येतात की आपण ते वाचून पुढे जातो. एखादी जुनी चित्रपटमालिका नव्याने सुरू झाली, ओळखीच्या पात्रासाठी नवा चेहरा आणला किंवा जुन्या नायकाला दिग्दर्शकाने वेगळ्या वळणावर नेलं, की हे दोन शब्द ठरलेले. मग लेख येतात, व्हिडिओ येतात आणि काही काळाने त्यावर पेपरही येतात.

आज मी अशाच एका पेपरबद्दल आणि तो ज्या चित्रपटावर आहे त्याबद्दल लिहिणार आहे. पेट, नेट किंवा सिनॉप्सिसच्या गडबडीत असलेल्या तुम्हा मंडळींना प्रश्न पडेल की आपला सिनेमाशी काय संबंध? संबंध आहे. मोजमापात जेवढे घोळ घालता येतात, ते जवळपास सगळे या एका विषयात लोकांनी घालून ठेवलेत. आणि ते समजून घ्यायला आधी कुठलंही जड शास्त्र यावं लागत नाही. (चित्रपटांची कथा पुढे थोडी उघड होणार आहे, तेव्हा ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी ठरवावं.)

आधी प्रकरण काय ते

जॉर्ज लुकास यांचा पहिला 'स्टार वॉर्स' १९७७ मध्ये आला. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म ही कंपनी सुमारे ४०५ कोटी डॉलरना विकत घ्यायचं जाहीर केलं आणि नवी त्रयी सुरू झाली. त्यातला पहिला भाग, 'द फोर्स अवेकन्स', २०१५ मध्ये आला. दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स. हा भाग जुन्या चित्रपटाच्या पावलावर पाऊल टाकून चालला आणि जगभरात २०० कोटी डॉलरच्या वर कमावून गेला. दुसरा भाग, 'द लास्ट जेडाय', डिसेंबर २०१७ मध्ये आला. दिग्दर्शक रायन जॉन्सन. आणि इथे गडबड झाली.

जॉन्सननी काय केलं? ज्या ल्यूक स्कायवॉकरकडे एक अख्खी पिढी आदर्श म्हणून बघत होती, तो त्यांनी एका निर्जन बेटावर जाऊन बसलेला, स्वतःवरच चिडलेला म्हातारा म्हणून दाखवला. रे ही नवी नायिका मोठ्या आशेने त्याच्या हातात त्याची जुनी लाइटसेबर ठेवते आणि तो ती खांद्यावरून मागे फेकून देतो. रेचे आईवडील कोण, या प्रश्नावर दोन वर्षं चर्चा झडल्या होत्या. उत्तर मिळालं की ते कोणीच नव्हते, साधी माणसं होती. मोठा खलनायक वाटणारा स्नोक मध्येच मारला गेला आणि त्याचा पूर्वेतिहास कोणी सांगितलाच नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकते: मला हा चित्रपट आवडतो. शिष्याच्या बाबतीत चुकलेला गुरू हे मला चाळीस वर्षं जुन्या गोष्टीत घातलेलं खरंखुरं नवं द्रव्य वाटतं. दुसऱ्या बाजूने, ज्याने ल्यूकला लहानपणापासून मनात जपलंय त्याला ते अपमानासारखं का वाटलं असेल, हेही मला कळतं. अशा मालिकेचा नवा भाग प्रेक्षकाला एकाच वेळी दोन वचनं देतो. तुझं जुनं घर तसंच ठेवू, हे एक. आणि तुला नवं काही दाखवू, हे दुसरं. दोन्ही पूर्ण पाळणं अशक्य आहे, त्यामुळे कोणीतरी नाराज होणारच. माझी आवड आधी सांगायचं कारण एवढंच की पुढचा आकड्यांचा भाग वाचताना मी कुठल्या बाजूला झुकू शकते, हे तुम्हाला माहीत असावं. संशोधनातही ही सवय बरी.

एक चित्रपट, तीन तापमापक

आता प्रश्न साधा आहे. 'द लास्ट जेडाय' लोकांना आवडला की नाही?

पहिलं उत्तर सिनेमास्कोर या संस्थेचं. ही संस्था चित्रपट लागतो त्या पहिल्या दिवशी अमेरिकेतल्या थिएटरमध्ये प्रेक्षकांच्या हातात एक छोटं कार्ड देते आणि श्रेणी विचारते. या चित्रपटाला मिळाली 'ए'. म्हणजे उत्तम.

दुसरं उत्तर रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरच्या समीक्षकांचं. त्यांच्यातल्या सुमारे ९१ टक्क्यांनी अनुकूल लिहिलं.

तिसरं उत्तर त्याच संकेतस्थळावरच्या सर्वसाधारण प्रेक्षकांचं. तिथे हा आकडा चाळिशीच्या जरा वर अडकला.

चित्रपट एकच आणि उत्तरं 'उत्तम'पासून 'नापास'पर्यंत. इथे बहुतेक जण आपल्याला पटणारा आकडा उचलतात आणि बाकीचे खोटे ठरवतात. आवडणारे म्हणतात, ऑनलाइन मतं बनावट आहेत. न आवडणारे म्हणतात, समीक्षक विकले गेलेत. पण प्रयोगशाळेत तीन उपकरणं तीन वाचनं द्यायला लागली, तर आपण आधी काय बघतो? प्रत्येक उपकरण नक्की काय मोजतंय, हे बघतो.

सिनेमास्कोरचं कार्ड भरणारा माणूस पहिल्याच दिवशी तिकीट काढून आलेला असतो, म्हणजे आधीपासूनच उत्सुक. पण तो तिथे होता आणि त्याने चित्रपट पाहिला, एवढं नक्की. समीक्षक हा व्यवसायाने बघणारा. त्याच्या बाबतीत मोजलं जातं ते 'अनुकूल की प्रतिकूल' एवढंच, किती अनुकूल ते नाही. आणि २०१७ मध्ये रॉटन टोमॅटोजवर मत द्यायला फक्त खातं लागत होतं. चित्रपट पाहिल्याचा पुरावा कोणी मागत नव्हतं. शिवाय तिथे जाऊन मत देण्याचे कष्ट घेतो कोण? ज्याला फार आवडला तो, किंवा ज्याला फार राग आला तो. ज्याला 'ठीक होता' वाटलं तो घरी जाऊन जेवून झोपतो. याला सेल्फ-सिलेक्शन म्हणतात, म्हणजे नमुन्यात कोण येणार हे संशोधक ठरवत नाही, लोक स्वतःच ठरवतात.

गंमत पुढे आहे. २०१९ च्या मे महिन्यात रॉटन टोमॅटोजने पद्धत बदलली आणि तिकीट काढल्याची खात्री पटलेल्या प्रेक्षकांचा आकडा वेगळा दाखवायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्रयीचा शेवटचा भाग, 'द राइज ऑफ स्कायवॉकर', आला. दिग्दर्शक पुन्हा एब्रम्स. या भागाने रेला थेट जुन्या खलनायकाची नात करून टाकलं आणि बरंच काही पूर्वपदावर आणलं. समीक्षकांची अनुकूलता निम्म्यावर आली, प्रेक्षकांचा आकडा मात्र ८६ टक्क्यांपर्यंत गेला. लगेच निष्कर्ष निघाला: बघा, चाहत्यांचं ऐकलं आणि चाहते खूश झाले!

थांबा. हे दोन आकडे दोन वेगळ्या उपकरणांचे आहेत. मधल्या काळात तापमापक बदललाय. आणि जे उपकरण बदललं नव्हतं, त्या सिनेमास्कोरने या भागाला 'बी प्लस' दिला, म्हणजे आधीच्या भागापेक्षा कमी. जगभरातली कमाईही 'द लास्ट जेडाय'च्या सुमारे १३३ कोटी डॉलरवरून १०७ कोटींच्या आसपास उतरली. चाहते कधी जास्त खूश होते, याचं उत्तर तुम्ही कुठला आकडा धरता त्यावर अवलंबून आहे. दोन्ही वेळा एकच उपकरण वापरलेलं नसेल, तर 'वाढलं' किंवा 'घटलं' हे क्रियापद लिहायचाच अधिकार आपल्याला नाही.

आता तो पेपर

मॉर्टन बे हे त्या वेळी युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात होते. त्यांनी १३ डिसेंबर २०१७ ते २० जुलै २०१८ या काळात रायन जॉन्सनच्या ट्विटर खात्याला उद्देशून केलेले, चित्रपटाबद्दलचे ९६७ ट्विट तपासले. ऑक्टोबर २०१८ मध्ये याच्या बातम्या जगभर झाल्या. 'फर्स्ट मंडे' या ऑनलाइन जर्नलमध्ये पेपर छापून आला तो त्यानंतर.

बातम्यांचा सूर असा होता की 'द लास्ट जेडाय'वरची निम्मी टीका रशियन ट्रोल आणि बॉट यांची होती. आवडणाऱ्यांना हायसं वाटलं. न आवडणाऱ्यांचा भडका उडाला: आम्ही माणसं नाही का?

आता पेपरातले आकडे एकेक करून मांडू. कागद-पेन घ्या, ही सवय लावून घ्या.

९६७ पैकी नकारात्मक निघाले २०६, म्हणजे साधारण २१ टक्के. पाचातला एक.

या २०६ चे बे यांनी गट पाडले. ११ बॉट वाटले. ३३ ट्रोल किंवा खोट्या नावाची खाती वाटली. ६१ खाती खऱ्या माणसांची, पण त्यांच्या लिखाणात राजकीय अजेंडा दिसला. बेरीज १०५, म्हणजे नकारात्मक प्रतिक्रियांपैकी निम्म्याहून किंचित जास्त.

आणि रशियन? त्या ३३ मधली १६ खाती रशियन ट्रोल वाटतात, असं पेपर म्हणतो. १६ भागिले २०६, म्हणजे आठ टक्क्यांच्या आत. १६ भागिले ९६७, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी.

बघा काय झालं. 'निम्मी' हा शब्द १०५ चा होता आणि 'रशियन' हा शब्द १६ चा. मथळ्यात दोन्ही शेजारी बसले आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात 'निम्मी रशियन' तयार झालं. यात कोणी खोटा आकडा छापला नाही, फक्त छेद हरवला. पाचवीत अपूर्णांक शिकवताना बाई सांगायच्या तेच: वरचा आकडा एकटा काही बोलत नाही, खाली काय आहे ते बघा.

खुद्द पेपरचा सूर बातम्यांपेक्षा बराच सावध आहे. 'वाटतात', 'शक्यता आहे' अशी भाषा तिथे आहे. त्याचा मुख्य मुद्दा असा की पॉप संस्कृतीतली भांडणं पेटवून अमेरिकन समाज दुभंगलाय हे चित्र गडद करायचा प्रयत्न काही जणांनी केलेला दिसतो. आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा निष्कर्ष मथळ्यांत नीट आलाच नाही: दिग्दर्शकाला उद्देशून बोलणाऱ्यांतही नाराज लोक अल्पसंख्य होते.

पेपर कुठे कमी पडतो

बातम्यांना झोडपणं सोपं आहे. पेपरलाही तेच प्रश्न विचारू या.

पहिला प्रश्न नमुन्याचा. हे ९६७ ट्विट 'चाहत्यांचे' नाहीत. ते, दिग्दर्शकाला थेट लिहावंसं वाटलं अशा ट्विटर वापरणाऱ्यांचे आहेत. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१९ च्या अहवालानुसार अमेरिकेतले सुमारे २२ टक्के प्रौढ ट्विटर वापरत होते आणि त्यांच्यातले सर्वाधिक सक्रिय १० टक्के लोक ८० टक्के ट्विट करत होते. म्हणजे थोड्यांतले थोडे, आणि त्यांतलेही दिग्दर्शकाला लिहिणारे. शिवाय एखाद्याला चित्रपट आवडला नाही, तर तो दिग्दर्शकाच्या तोंडावर सांगेलच असं नाही. मित्रांपाशी सांगेल. त्यामुळे २१ टक्के हा आकडा त्या खिडकीपुरता खरा आहे. खिडकीबाहेर टीका याहून जास्तही असेल, कमीही.

दुसरा प्रश्न वर्गीकरणाचा, आणि तो जास्त बोचरा आहे. 'राजकीय अजेंडा असलेला' आणि 'खरा चाहता' हे दोन वेगळे डबे धरलेत. पण माणूस एकाच वेळी दोन्ही असू शकतो. लहानपणापासून 'स्टार वॉर्स' बघणारा, मतदान ठरावीक पक्षाला करणारा आणि चित्रपटावर मनापासून नाराज असलेला. त्याच्या खात्यावर राजकीय लिखाण सापडलं म्हणून त्याची नाराजी राजकीय ठरते का? ६१ हा आकडा या एका व्याख्येवर उभा आहे. व्याख्या जरा सैल केली तर 'निम्मे' फुगतात, आवळली तर कोसळतात. रसायनशास्त्रात द्रावणाचा रंग नक्की कुठे बदलला हे डोळ्याने ठरवताना दोन विद्यार्थी दोन वाचनं घेतात. इथे तर माणसाचा हेतू ठरवायचाय.

म्हणून असा कुठलाही पेपर हातात आला की पद्धतीच्या भागात हे शोधा: वर्ग कोणी पाडले, किती जणांनी पाडले आणि त्यांचं आपसात किती जुळलं? दोन जणांनी एकमेकांना न विचारता तेच ट्विट तपासायचे आणि मग योगायोगाने जुळतील तेवढे वजा करून खरं एकमत किती ते काढायचं. त्यासाठी कोहेनचा कॅपा हे माप आहे. 'बॉट' ओळखण्यात एकमत होणं सोपं, 'अजेंडा' ओळखण्यात अवघड. त्यामुळे सगळ्या वर्गांचा मिळून एकच कॅपा दिलेला असेल, तर समाधान मानू नका.

सरासरीच्या पोटात काय लपतं

दुसरं उदाहरण घेऊ, कारण तिथे अडचण वेगळी आहे. १९८४ च्या 'घोस्टबस्टर्स'चा नवा अवतार २०१६ मध्ये आला. दिग्दर्शक पॉल फीग, चारही मुख्य भूमिका स्त्रियांच्या. नुसत्या ट्रेलरवरच नापसंतीचा पाऊस पडला. चित्रपट अमेरिकेत लागायच्या आदल्या दिवशी 'फाइव्हथर्टीएट'वर वॉल्ट हिकी यांनी आयएमडीबीवरच्या रेटिंगची फोड करून दाखवली. एकूण सरासरी १० पैकी ४ च्या आसपास. पण पुरुषांची सरासरी ४ च्या खाली आणि स्त्रियांची ७ च्या वर! पुरुषांची मतं संख्येने कित्येक पट जास्त असल्यामुळे एकूण सरासरी त्यांच्या बाजूला ओढली गेली.

या चार गुणांमध्ये कोणाचं मत दिसतं? स्त्रियांचं अजिबात नाही. आणि अमेरिकेत चित्रपट लागलेलाच नसताना इतकी मतं देणाऱ्यांनी तो पाहिला असेल का, हा प्रश्न वेगळाच. एक आकडा छापण्याआधी वितरण बघा, असं सांख्यिकीचे सर सांगतात ते याचसाठी. दोन टेकड्यांच्या मधल्या दरीत उंचीची सरासरी काढून 'इथे लोक राहतात' म्हणायचं नसतं.

या रागाचा अर्थ लावायचाही प्रयत्न झालाय. विल्यम प्रॉक्टर या अभ्यासकांनी 'टोटेमिक नॉस्टॅल्जिया' ही संकल्पना मांडली. ढोबळ अर्थ असा की लहानपणी पाहिलेली कलाकृती माणसाच्या स्वतःच्या ओळखीचं प्रतीक होऊन बसते, त्यामुळे तिला कोणी हात लावला की तो आपल्यालाच लावल्यासारखा वाटतो. मला ही संकल्पना उपयोगी वाटते, कारण ती राग 'का' याबद्दल बोलते, 'किती'बद्दल काही म्हणत नाही. हा फरक लक्षात ठेवा. गुणात्मक अभ्यासाने 'किती' सांगायला गेलं की पंचाईत होते आणि आकड्यांनी 'का' सांगायला गेलं की त्याहून मोठी.

प्रतिक्रिया कधीची?

अजून एक घटक बातम्यांत गायब असतो: वेळ. १९८९ च्या 'बॅटमॅन'साठी मायकेल कीटनची निवड झाली तेव्हा वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची हजारो पत्रं आली. तेव्हा इंटरनेट घराघरात नव्हतं, लोकांनी तिकिटं चिकटवून पत्रं टाकली. डॅनियल क्रेगला जेम्स बाँड केलं तेव्हा त्याच्या विरोधात चक्क संकेतस्थळ निघालं होतं. पुढे 'बॅटमॅन' त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत गेला आणि 'कॅसिनो रॉयल' (२००६) आज बाँडपटांतल्या उत्तम चित्रपटांत धरला जातो.

यावरून 'चाहते नेहमी चुकतात' असं काढू नका. कीटन आणि क्रेग आपल्याला आठवतात कारण तिथे विरोधक तोंडावर पडले. जिथे विरोधकांची भीती खरी ठरली ते चित्रपट विसरले गेले, त्यांची गोष्ट कोण सांगणार? हाही नमुन्याचाच दोष. काढायचं एवढंच की निवड जाहीर झाल्यावरचा राग, चित्रपट पाहून आल्यावरचा राग आणि वीस वर्षांनी उरलेलं मत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९९ पासूनच्या 'स्टार वॉर्स' प्रीक्वेल चित्रपटांची तेव्हा यथेच्छ टिंगल झाली. ते लहानपणी पाहिलेली मुलं मोठी झाल्यावर त्याच चित्रपटांबद्दल मायेने बोलणारे पुष्कळ सापडतात. चित्रपट तोच, मोजायची वेळ आणि पिढी बदलली.

याची किंमत कोण मोजतं

हे सगळं आकड्यांचे लाड वाटू नयेत म्हणून केली मेरी ट्रान या अभिनेत्रीबद्दल सांगते. 'द लास्ट जेडाय'मध्ये तिने रोझ टिको ही मोठी भूमिका केली. त्यानंतर तिच्यावर वंशावरून आणि स्त्री म्हणून इतकी घाणेरडी शेरेबाजी झाली की जून २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये तिने त्याबद्दल लिहिलं. पुढच्या, १४२ मिनिटांच्या भागात रोझ पडद्यावर जेमतेम सव्वा मिनिट दिसते, असं मोजून लोकांनी दाखवलं.

स्टुडिओ ट्रोलांपुढे झुकला, असा निष्कर्ष लगेच निघाला. पण सहलेखक ख्रिस टेरियो यांनी दिलेलं कारण वेगळं होतं: रोझचे काही प्रसंग लियाबरोबर होते, कॅरी फिशर यांच्या मृत्यूनंतर आधी चित्रित झालेल्या फुटेजमधून ते उभे करायचे होते आणि ते पुरेसे खरे दिसत नव्हते. आधी शिवीगाळ झाली आणि नंतर भूमिका कमी झाली, एवढा क्रम आपल्यासमोर आहे. क्रम म्हणजे कारण नव्हे. 'सोलो' (२०१८) पडला तेव्हाही लोक म्हणाले की हा चाहत्यांचा बहिष्कार. पण त्या चित्रपटाचे दिग्दर्शक मध्येच बदलले होते, बराच भाग पुन्हा चित्रित झाला होता, आधीचा भाग येऊन पाच महिनेच झाले होते आणि 'अॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर' व 'डेडपूल २' थिएटरमध्ये जोरात होते. इतके घटक एकत्र असताना एकाच्या गळ्यात हार घालणं किंवा फास टाकणं, दोन्ही घाईचं.

मात्र ट्रानला झालेला त्रास खरा असायला तो 'बहुसंख्यांनी' दिलेला असण्याची गरज नाही. शंभर माणसं एका बाईचं जगणं नकोसं करू शकतात. 'ते थोडेच होते' हे वाक्य प्रेक्षकांच्या मताबद्दल बोलताना बरोबर आहे, छळाबद्दल बोलताना निरर्थक. छेद कधी विचारायचा आणि कधी विचारायचा नाही, हेही शिकावं लागतं.

तुम्हाला असं काही करायचं असेल तर

समजा तुम्ही 'डॉन'च्या तिसऱ्या भागात रणवीर सिंगच्या निवडीवर २०२३ मध्ये उमटलेल्या प्रतिक्रियांचा अभ्यास करायचं ठरवलंत. विषय चांगला आहे. पण आधी 'चाहता' कोणाला म्हणणार ते एका वाक्यात लिहा. मग तो नमुना कुठून आणणार ते लिहा. ट्विटरचा संशोधकांना मिळणारा मोफत डेटा २०२३ मध्ये बंद झालाय, त्यामुळे जुन्या पेपरांची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. भावना ओळखणाऱ्या तयार सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवू नका. आपल्याकडे लोक मराठी-हिंदी-इंग्रजी एकत्र करून रोमन लिपीत लिहितात, आणि "वा, फारच छान! लहानपणाची पार वाट लावलीत" यातलं 'छान' यंत्राला खरंच छान वाटू शकतं. काही शे प्रतिक्रिया दोघांनी हाताने तपासा. आणि सार्वजनिक असली तरी कोणाची ओळ जशीच्या तशी छापू नका. शोधली की ती व्यक्ती सापडते. संस्थेच्या एथिक्स समितीकडे आधीच जा.

शेवटी पुन्हा त्या पेपरकडे येते. २०६ मधून १०५ वजा केले की १०१ उरतात. हे १०१ जण बॉट नव्हते, ट्रोल नव्हते, राजकीय मोहिमेवरही नव्हते. त्यांना चित्रपट आवडला नाही आणि त्यांनी तसं दिग्दर्शकाला सांगितलं, बस. 'सगळे चाहते संतापले' म्हणणाऱ्यांना हे १०१ फार कमी पडले, म्हणून त्यांनी यांना लाखो केलं. 'सगळे बॉट होते' म्हणणाऱ्यांना हे अडचणीचे होते, म्हणून त्यांनी यांना शून्य केलं. या चित्रपटावर माझ्याशी वाद घालायला मला कोणी हवं असेल, तर ते हेच. त्यांचं म्हणणं नक्की काय होतं, यावर मला एक पेपर वाचायला आवडेल. तुमच्यापैकी कोणी लिहिलात तर पाठवा.